शून्यानंतरचे चाळीस किलोमीटर

आईची गाडी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे आणि तिचे लाड माझ्यापेक्षा जास्त झाले आहेत. हे मी रागाने लिहीत नाही. बरं, थोडं रागानेच लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात दादाने ती एक दिवस वापरायला नेली आणि तोंड वाकडं करून परत आणली. पेट्रोलचा काटा शून्यावर, इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्याला टेकलेला. "ही भर रस्त्यात दगा देणार. रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय," असं त्याने परस्पर जाहीर केलं. आईने त्याच्याशी अबोला धरला, तेव्हा मी मध्ये पडले. ठरलं असं, की शनिवारी काटे दुरुस्त करून घ्यायचे. त्यानंतर गाडी एकदा जरी रस्त्यात बंद पडली, तर आईने मुकाट्याने किल्ली द्यायची.

आईला काट्यांची फिकीर कधी नव्हतीच. "शून्यावर आला तरी माझ्या हातात चाळीस किलोमीटर जाते. गाडीला माणूस कळतं," हे ती एकोणीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होती. बाबांचा सगळा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात गेला, पण यावर ते चकार शब्द काढत नसत.

शनिवारी मात्र निघायच्या वेळी ते आडवे आले. "काटे ठीक आहेत. उगाच वायरींना हात लावू नका." कुणी ऐकेना, तसे हट्टाने मागच्या सीटवर येऊन बसले.

गॅरेजमधली इलेक्ट्रिशियन पन्नाशीची बाई होती. चष्मा कपाळावर, बोलणं मोजकं. "दोन काटे एकदम खोटं बोलतात, म्हणजे दोघांची शिकवणी एकाच ठिकाणी आहे," ती म्हणाली. आधी तिने अर्थिंगची वायर घासून घट्ट केली. काटे ढिम्म. मग काट्यांना येणारी वीज मोजली, ती बरोबर होती. मग पेट्रोलच्या टाकीपाशी जाऊन तिथली वायर काढली आणि गाडीच्या पत्र्याला टेकवली.

"आता काटा फुलवर जायला हवा. गेला?"

"पाऊण टाकीवर अडकला," मी ओरडले.

तिने डॅशबोर्डमागे, थेट काट्याजवळ तीच चाचणी केली. काटा टुणकन फुलवर गेला.

"काटा ठणठणीत आहे. मधल्या वायरीत कुणीतरी बसलंय."

बाबांनी पाण्याची बाटली संपवली आणि रिकामी बाटली तोंडाला लावून बसले.

बाईने कोपरापर्यंत हात आत घातला आणि वायरींचा एक झुबका बाहेर ओढला. त्यात वीज अडवणारे, शेंगदाण्याएवढे दोन रेझिस्टर होते, नीट डाग देऊन, टेप गुंडाळून बसवलेले. आणि प्रत्येकाला एक इवलीशी चिठ्ठी! आमच्या घरात औषधाच्या बाटलीपासून बाथरूमच्या बटणापर्यंत सगळ्याला चिठ्ठ्या आहेत. हात लावला त्या वस्तूला तारखेसकट चिठ्ठी लावल्याशिवाय बाबांना झोप येत नाही. चोरीसुद्धा त्यांनी चिठ्ठी लावून केली होती.

बाईने चष्मा नाकावर घेऊन वाचलं. "पेट्रोल. चार लिटर कमी दाखवेल." दुसरी उलटली. "तापमान. जास्त दाखवेल, म्हणजे ही हळू चालवेल." तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची.

आईने वाकून दोन्ही चिठ्ठ्या स्वतः वाचल्या. "म्हणजे गाडीला माणूस कळत नव्हतं?"

"मला कळत होतं," बाबा पुटपुटले. "तुला पंपावर थांबायचा कंटाळा."

बाईने दोन्ही रेझिस्टर काढून आईच्या हातात ठेवले. "आता शून्य म्हणजे शून्य हं, ताई."

"हो हो," आई म्हणाली. तिचं लक्षच नव्हतं. एकोणीस वर्षांची फुशारकी अशी क्षणात गेल्यावर कुणाचं लक्ष असेल?

वाटेत काटा शून्याला टेकला. मी पंप दाखवला. आई रागातच होती. "जाते अजून चाळीस किलोमीटर," ती सवयीने म्हणाली आणि पंप मागे पडला. पुढच्या चढावर गाडीने दोन आचके दिले आणि थांबली.

आईने किल्ली काढून मुठीत घट्ट धरली. तिचे डोळे भरलेले बघून मला भयंकर वाईट वाटलं. या भानगडी माझ्या दुरुस्तीपायीच झाल्या होत्या. नाइलाजाने मी दादाला बोलवायला फोन काढला.

तेवढ्यात बाबा खाली उतरले, डिकी उघडली, स्टेपनी उचलली आणि तिच्याखालून एक डबा काढला. घट्ट झाकणाचा, पेट्रोलचा. त्यालाही चिठ्ठी होती. "राखीव. हिला कळू देऊ नये." खाली पेट्रोल बदलल्याच्या तारखांची रांग, दर तीन महिन्यांनी एक. शेवटची गेल्या महिन्यातली.

आईने ती रांग पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग माझ्याकडे पेन मागितलं, 'हिला' खोडलं आणि वर लिहिलं, 'दादाला'.

मी फोन पर्समध्ये टाकला.