तीन खोटे ठिपके

मी एक जुनी लाकडी पाटी आहे, मित्रांनो. वर लोखंडी चिमटा असलेली. माझ्या बहिणींवर कागद ठेवून तुम्ही परीक्षा देता. मी मात्र बाळंतपणाच्या खोलीत खाटेला लटकते. सुताराने मला तासून गुळगुळीत केलं तेव्हा माझं काय कौतुक झालं! आता माझ्यावर चहाचे कप ठेवतात.

अहो, माझ्या चिमट्यात लावलेल्या तक्त्याचं काम तरी किती सोपं! दर दोन तासांनी सिस्टरने बाईला तपासायचं, बाळाची वाट किती उघडली ते बघायचं आणि तक्त्यावर एक ठिपका द्यायचा. ठिपके वर चढत असतील तर धीर धरायचा. अडले तर डॉक्टरीणबाईंना बोलवायचं, म्हणजे ऑपरेशन करायचं का ते वेळेत ठरतं. उगाच घाई केली तर नसती जखम, उशीर केला तर दोघांच्या जिवावर बेतणार.

त्या दिवशी खाटेवर एक पहिलटकरीण होती. उशाशी तिची थोरली बहीण, शिवणकाम करणारी. सिस्टर एकटी आणि खाटा सहा. सकाळी आठनंतर तक्ता कोराच राहिला. तीन वाजता डॉक्टरीणबाई येताना दिसल्या, तशी सिस्टरने घाईघाईने तीन ठिपके देऊन टाकले. तेही कसे, छान चढत जाणारे! ही इथली जुनीच खोड. मी नुसती चरफडले. बाईंनी तक्ता पाहिला, सगळं नीट चाललंय म्हणाल्या आणि बाहेरच्या रांगेकडे गेल्या.

सहा वाजता त्यांनी स्वतः तपासलं. बाळाचं डोकं खाली घट्ट अडकलं होतं. धावतपळत ऑपरेशन झालं. बाळाला ओढून काढताना गर्भपिशवी फाटली. रक्त थांबेना, म्हणून पिशवीच काढावी लागली. बाळ लवकर रडलं नाही. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं.

थोरलीने मला हातात घेतलं. मापं घेण्यात तिचा जन्म गेलेला. ठिपक्यांवरून बोट फिरवत ती म्हणाली, "सिस्टर, मी तर इथून हललेच नाही. हे तीन वेळा तुम्ही कधी तपासलंत?"

सिस्टरने पेन काढलं, तिन्ही ठिपक्यांवर काट मारली, शेजारी 'तपासलं नाही' असं लिहिलं आणि सही केली.

आठ दिवसांनी बाळ आईच्या कुशीत आलं. दोघं वाचली. पण तिला आता दुसरं मूल होणार नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलंही कुणी अशा खोलीत काम करेल. एखादे वेळी नाहीच जमलं तपासायला, तर माझ्यावरची जागा कोरी सोडा. कोरी जागा दिसली असती, तर बाईंनी तिला तीन वाजताच तपासलं असतं.