गुळाचे दोन खडे

कंकूने ढेपेवर बत्ता हाणला. गुळाचा एक खडा उडून ओट्याखाली गेला. तो तिने उचलला, फुंकला आणि तोंडात टाकला. बाहेर मॅटाडोरचा भोंगा वाजतच होता.

"चला, चला! माता वाट बघतेय!" धरमशी मुकादम फाटकाशी उभा राहून ओरडत होता.

कंकू हात पुसत फाटकाशी गेली. चोटीलाच्या डोंगरावर मातेच्या दर्शनाला निघालेली चौदा माणसं मॅटाडोरमध्ये दाटीवाटीने बसली होती. तिचा नवरा वशराम अगदी कडेला, फळीला पाठ टेकून होता.

"पायऱ्या झेपतील का हो?" तिने विचारलं.

"बसत बसत चढेन. मुकादमच म्हणालाय. तुझ्यासाठी नारळ आणतो." एवढं बोलला आणि त्याला उबळ आली. त्याच्यामागून आणखी दोघांना आली. गाडी निघाली तरी खोकल्याचे आवाज रस्त्यावर मागे रेंगाळत होते.

थानगढच्या या कारखान्यात बेसिनं आणि संडासाची भांडी बनत. पांढरी धूळ भाकरीवरसुद्धा बसे. तिच्यावर मालकाच्या बापाच्या काळापासून एकच उपाय होता, गूळ. धूळ गुळाला चिकटते आणि पोटावाटे निघून जाते, असं सगळेच मानत. सुटीच्या वेळी माणशी एक खडा मिळे. ज्याची छाती जास्त भरलेली, तो हळूच दुसरा मागे. सकाळी भांड्यांवर झिलई फवारायच्या खोल्या झाडायच्या, मग ढेप फोडायची आणि संध्याकाळी गूळ वाटायचा, हे कंकूचं बारा वर्षांचं काम. त्यामुळे कोण दोन खडे मागतो हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

कालच धरमशी तिच्या ओट्याशी येऊन बसला होता. "कंकूबेन, दोन-दोन खडे घेणारे कोण ते सांग बघू. बिचाऱ्यांना मातेच्या पायी घालून आणतो. मालकाच्या खर्चाने, जेवणासकट."

या माणसाला एवढी माया कुठून फुटली, असं तिच्या मनात आलं खरं. पण फुकटची यात्रा कोण सोडतो? तिने बोटांवर मोजत चौदा नावं सांगितली. पहिलं वशरामचं. आपल्याच माणसाला विसरेल ती बायको कसली!

मॅटाडोर जाऊन अर्धा तास झाला असेल नसेल, तोच फाटकातून एक पांढरी गाडी आत आली. चष्मा लावलेली एक तरुण डॉक्टरीण उतरली. मागच्या दाराला दोन लोखंडी पायऱ्या लावल्या गेल्या, वायरी ओढल्या गेल्या.

"काय आहे हे, भाई?" कंकूने ड्रायव्हरला विचारलं.

"छातीचा फोटो काढायचं यंत्र. धुळीने फुप्फुस बिघडलंय का ते बघतात. बिघडलं असेल तर सरकारी कागद मिळतो. तारीख तर महिन्यापूर्वीच कळवली होती तुमच्या ऑफिसात."

सरकारी कागद! वशरामने टीबीच्या गोळ्या सहा-सहा महिने, दोनदा खाल्ल्या होत्या. फरक शून्य. राजकोटचे म्हातारे डॉक्टर म्हणाले होते, "हा टीबी नव्हे बेन, हे कारखान्याचं दुखणं आहे. पण तपासणीचा कागद नसेल तर मी कशाच्या आधारावर लिहू?" त्या कागदासाठी दोघांनी किती उंबरे झिजवले होते. आज कागद दारात चालून आला, आणि नवऱ्याला तिनेच, स्वतःच्या तोंडाने नाव सांगून, डोंगरावर धाडलं होतं.

तिला एका जागी उभं राहवेना. झाडलेलं अंगण तिने पुन्हा झाडलं. फाटकापर्यंत गेली, रस्ता बघितला, माघारी आली. पदराची गाठ सोडून गुळाचा खडा तोंडात टाकला, तोही गोड लागेना.

शेवटी तिने धरमशीला गाठलं. "गाडी माघारी बोलवा, धरमशीभाई."

"देवाच्या दारातून माघारी? वेड लागलंय का तुला?"

"तुम्हाला काल माहीत होतं."

धरमशीने मान वळवली. "तुझ्या झाडूवर डोळा ठेवून दहा बायका बसल्यात, कंकूबेन. गूळ वाटायचा तेवढा वाट, गप."

पांढऱ्या गाडीपुढे रांग होती ती शिपायाची, ड्रायव्हरांची आणि गेल्या पंधरवड्यात बिहारहून आलेल्या धडधाकट पोरांची. यंत्र घरघरे, एकेक जण हसत उतरे. दुपार व्हायच्या आत रांग संपली.

"एवढेच?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "फवारणीचं काम करणारं कोणीच कसं नाही?"

"हेच सगळे, मॅडम. आमच्याकडे कोणी खोकत नाही. मातेची कृपा!" धरमशी हात जोडून हसला.

ड्रायव्हर वायरी गुंडाळू लागला. कंकूने गुळाचा डबा छातीशी धरला आणि सरळ डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन उभी राहिली.

"लिहा, बेन," ती म्हणाली. "वशराम जेठा. दोन खडे."

"कसले खडे?"

"गुळाचे. छाती भरली की आमच्यात दुसरा खडा मागतात. लिहा. मावजी पूंजा, दोन. रुडा खोडा, दोन."

"ए कंकू!" धरमशी धावत आला.

"त्यांना बोलू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी वही उघडली होती.

कंकूने चौदाही नावं सांगितली, काल सांगितली होती त्याच क्रमाने. एकदाही अडखळली नाही. "सगळे चोटीलाला गेलेत, पायऱ्या चढायला. सहाशेच्या वर आहेत."

डॉक्टरीणबाईंनी धरमशीकडे पाहिलं, मग ड्रायव्हरकडे. "चोटीला किती लांब?"

"अर्धा-पाऊण तास."

"पायथ्याशी यंत्र लावता येईल?"

"धर्मशाळेतून वीज घेऊ की."

"चला तर मग." त्यांनी वही मिटता मिटता विचारलं, "आणखी कोणी राहिलंय का?"

कंकूचा हात पदराच्या गाठीकडे गेला. आत आजचा शेवटचा खडा होता. रोज गाठीला किती बांधून घ्यायचे, याचा विचार तिने कधी केला नव्हता. हात आपसूक घेत असे.

"कंकू वशराम," ती हळूच म्हणाली. "तीन."

"त्या कुठे आहेत?"

कंकूने डबा खाली ठेवला आणि गाडीच्या मागच्या दाराकडे गेली. दोनच पायऱ्या होत्या. दुसरीवर तिला दम घ्यायला थांबावं लागलं.