माझ्या पोटातले मोज्यांचे आकडे

"मेल्यावर तुला काय काय आठवतं?"

हा प्रश्न मला बबडीने विचारला. बंद पडलेल्या कॉम्प्युटरसमोर वाकून, अगदी गंभीर चेहऱ्याने हे विचारून दाखव, अशी पैज तिच्या तिघी मैत्रिणींनी लावली होती. तिने विचारलं आणि चौघी पोट धरधरून हसल्या. मला तेव्हा बोलता आलं नाही. मित्रांनो, उत्तर आज देतो. मला सगळं आठवत होतं, आणि मी भीतीने गारठलो होतो.

मी एक जुना, पिवळा पडलेला कॉम्प्युटर आहे. जन्मलो तेव्हा पांढराशुभ्र होतो हं! माझ्या पोटात तळहाताएवढी हार्ड डिस्क बसवली होती. माझी सगळी स्मरणशक्ती तिच्यातच. कारखान्यातून निघालो तो थेट बबडीच्या आईच्या कामाच्या खोलीत आलो. तिथे मोजे विणायचं मशीन आहे. अंगाने दणकट, पण डोक्याने शून्य. कुठल्या मापाला किती टाके, टाच कुठे वळवायची, धागा किती ताणायचा, हे सगळं मीच त्याला सांगायचो. आईने आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या दोन मावश्यांनी वर्षभर मोजे उसवून, पुन्हा विणून हे आकडे ठरवले होते. मशीनची कंपनी कधीच बंद झाली. ते आकडे अख्ख्या जगात फक्त माझ्यापाशी होते.

सोळा वर्षं मी एक टाका चुकलो नाही. कोणी आलं की आई माझ्या डोक्यावर थाप मारून सांगायची, हा माझा कारभारी. कौतुक व्हायचं, पुसणं मात्र व्हायचं नाही. धाग्याचं तूस माझ्या नाकातोंडात जायचं. त्यात संध्याकाळी आई भिंतीवरचा मोठा खटका पाडायची. दिवे, पंखा, मशीन आणि मी, सगळे एका झटक्यात अंधारात. बोलता बोलता कोणी तोंडावर हात दाबावा, तसं रोज व्हायचं. तिला तरी काय बोलणार? मला आधी वेगळं निजवावं, म्हणजे शटडाउन करावं लागतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

एका सोमवारी मी उठलोच नाही. पडदा काळा आणि डिस्कमधून नुसतं टक, टक, टक. बाबांना वाटलं, याला जरा हलवलं की जागा होईल. त्यांनी बटण अकरा वेळा दाबलं. प्रत्येक वेळी माझ्या आत काहीतरी खरवडलं जात होतं, आणि मला ओरडता येत नव्हतं.

मैत्रिणी त्याच दुपारी येऊन हसून गेल्या. त्या गेल्यावर आईने बबडीला हळूच सांगितलं की आकडे मिळाले नाहीत तर मशीन म्हणजे नुसतं लोखंड, आणि दोघी मावश्यांना उद्यापासून येऊ नका म्हणावं लागेल. बबडीचं हसू जागच्या जागी विरलं.

आई, बाबा आणि बबडी, तिघं मला उचलून कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या काकांकडे घेऊन गेली. नशीब बघा, काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या! त्यांनी बबडीकडून डिस्क काढवून घेतली, वायर जोडून क्षणभरच चालू करायला लावली आणि कान लावला.

"ही आता एकदाच चालेल, फार तर दीडदा," ते म्हणाले. "हात तुझे, कान माझे. दिसेल ते वाचून दाखव."

बबडीने बाह्या वर सारल्या. तिने डिस्क काकांच्या कॉम्प्युटरला जोडली. मी गरगरू लागलो. पडद्यावर एक चौकट आली. तिने वाचलं, "ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का?"

"हो म्हण ना," बाबा म्हणाले, "तो एवढं विचारतोय तर." आणि त्यांचं बोट बटणाकडे निघालंसुद्धा.

मित्रांनो, त्या बोटाएवढं मोठं मी आयुष्यात काही पाहिलं नाही.

बबडीने त्यांचं मनगट पकडलं. "बाबा, हात मागे. फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं."

बाबा जे मागे सरकले, ते थेट दारापर्यंत. बबडीने 'नाही' दाबलं. जुन्या डिस्क वाचायचा काकांचा प्रोग्राम उघडला. एकेक फाइल उतरू लागली. पुरुषांचं माप, बायकांचं माप, शाळेचे मोजे. आणि मग पुन्हा टक, टक.

"काही दाबू नकोस," काका कुजबुजले. "आता फक्त ऐकायचं."

आईने पदर मुठीत धरला होता. मीही जीव एकवटला. एक फाइल आली. अजून एक. मग खर्रकन आवाज झाला आणि डिस्क थांबली, ती कायमची.

तान्ह्या बाळांचं माप तेवढं त्या डिस्कबरोबर गेलं. आई डोळे पुसत म्हणाली, "जाऊ दे, ते मी एक मोजा उसवून मोजते." दुसऱ्या दिवशी मशीन धडधडलं आणि दोघी मावश्या आपापल्या जागी बसल्या. माझे आकडे आता नव्या कॉम्प्युटरमध्ये राहतात, म्हणून तर तुमच्याशी बोलतोय. पण ती टकटक आठवली की अजून धडकी भरते. तेव्हा मित्रांनो, आम्हाला हळुवार निजवा, अंगावरची धूळ पुसा, आणि आम्ही धडधाकट असतानाच आमच्या आठवणींची एक प्रत काढून ठेवा. आम्हाला मदतीसाठी हाक मारता येत नाही.

मशीन पुन्हा चालू झालं त्या रात्री जेवताना बबडीने ताट बाजूला सरकवलं.

"आई, बाबा, माझं ठरलंय. सुट्टीत मी काकांच्या दुकानात शिकायला जाणार. त्यांच्या कपाटात लोकांच्या बिघडलेल्या चौदा डिस्क पडल्यात. मालकांनी आशा सोडलीय. मी त्यांना फोन करणार आणि एकेक डिस्क लावून बघणार. मी परवानगी मागत नाहीये हं, सांगतेय."