थांबू नकोस, मी चढते

"थांबू नकोस! चालव तू, मी चढते!"

सेहेचाळीस वर्षांपूर्वीचा तो आवाज, ताज्या पावांच्या वासासकट, फर्मीनच्या कानात अजून तसाच होता. आत्ताही, डार्लाच्या टायरच्या दुकानात आपल्या पिकअपच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसताना, गाडीच्या पोटाखाली हात घालताना, तो त्याला ऐकू आला. त्याने जमिनीवर तळवा टेकवला, अंगठा वर ताणला आणि लोखंडापर्यंतचं अंतर मापलं.

"एक वीत आणि तीन बोटं."

"वीत कुणाची?" डार्ला हसली. तिने कानामागची पेन्सिल काढली. "आयडाहोत आम्ही इंचात मोजतो, फर्मीन. पन्नास वर्षं झाली तुम्हाला इथे येऊन."

"माझ्या हाताला कुणी सांगितलं नाही."

वडिलांमागे डार्ला एकटीच हे दुकान चालवत होती. तिने गाडीभोवती एक फेरी मारली. ऑक्टोबरात गाडी सहा इंच वर उचलून घेतलेली. खाली मात्र जुने, झिजून गुळगुळीत झालेले टायर.

"घोड्याला मेंढीचे पाय लावलेत तुम्ही," ती म्हणाली. "आणि उंची वाढली ती गाडीच्या अंगाची. हा मागच्या दोन चाकांमधला आसाचा गोळा होता तिथेच आहे. दगडाला आधी तोच लागणार. त्याला वर उचलतो तो फक्त टायर."

"माहीत आहे. म्हणून तर आलो."

बेगोन्या कॉफीच्या यंत्राशेजारच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर पर्स घेऊन. ती त्याच्याबरोबर आली नव्हती. मागून आपली छोटी गाडी चालवत आली होती. "पिकअप इथेच ठेवावी लागेल. परत यायला काहीतरी हवं ना?" सकाळी ती म्हणाली होती, आणि ते खरंच होतं. ऑक्टोबरापासून प्रत्येक वेळी काहीतरी खरंच असायचं. भट्टीत पाव असायचा. प्रार्थनेला उशीर होत असायचा. बहिणीचा फोन यायचा असायचा. फर्मीन फाटकाशी गाडी सुरू ठेवून वाट बघायचा, ती दारापर्यंत यायची, दाराच्या मुठीवर हात ठेवायची आणि काहीतरी आठवून मागे फिरायची. पूर्ण हिवाळाभर त्याच्या शेजारच्या सीटवर फक्त त्याची टोपी बसली होती.

म्हाताऱ्याचं हे खेळणं तिला आवडलेलं नाही, अशी त्याने समजूत करून घेतली होती. बापाला त्याच्या मायबोलीत हाक मारणारी मुलगी तर फोनवर खिदळलीच होती. "ऐता, सत्तरीत मिसरूड फुटलं की काय तुला?"

गाडी कशासाठी उंच केली ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. खिंडीच्या खाली, ओढ्यापलीकडे, ॲस्पेनची राई होती. मेंढ्या घेऊन तो पहिल्यांदा तिथे गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. बेगोन्या त्याला पाच वर्षांनी भेटली, आणि भेटली त्याच उन्हाळ्यात एका पांढऱ्या खोडावर त्याने तिचं नाव लिहिलं. सुरीच्या टोकाने नुसती केसाएवढी रेघ ओढायची. ती काळी करायची, रुंद करायची, ते काम झाडाचं. दर सप्टेंबरात दोघं जाऊन बघायची, नाव किती जाड झालं ते. नऊ वर्षांपूर्वी पुराने रस्ता नेला. ओढ्यात आता नुसते धोंडे होते.

आणि गेल्या सप्टेंबरात, पत्त्यांच्या हॉलमध्ये, जंगलखात्यातला एक जण सहज बोलून गेला. त्या राईतली झाडं म्हातारी झाली, दर बर्फात पाच-सहा आडवी होतात.

हॉलमध्ये फर्मीन आणि बेगोन्या दर गुरुवारी मुस खेळत. या खेळात जोडीदार समोरासमोर बसतो आणि बोलायचं नसतं. पानं कशी आहेत ते चेहऱ्यावरच्या खुणेने सांगायचं. खालचा ओठ चावला तर दोन राजे. जिभेचं टोक दिसलं तर दोन एक्के. दोन्ही डोळे मिटले तर हातात काही नाही. खूण चोरून करावी, विरुद्ध जोडीने पकडली तर पकडली. पण खोटी खूण करायची नाही, हा नियमच. चाळीस वर्षं ती दोघं एकमेकांसमोर बसत आली होती. त्या रात्री मात्र फर्मीनने पानं खाली ठेवेपर्यंत तिच्याकडे पाहिलंच नाही, आणि दुसऱ्या दिवशी गाडी कामाला दिली.

तिला आधी सांगायचं नव्हतं. नेतो म्हणून कबूल करायचं आणि ओढ्यावरून परत आणायचं, हे त्याच्या जिवावर आलं असतं. पुलाच्या पुढे, डांबर संपलं की सांगू, असं त्याने ठरवलं होतं. ती शेजारी बसलेली असेल तेव्हा.

डार्लाने तीन टायर लोळवत आणले. पहिला रस्त्याचा, दुसरा रस्त्याचा आणि रानाचा, तिसरा नुसता रानाचा, मुठीएवढ्या ठोकळ्यांचा. तो सिमेंटवरून येताना जातं घरघरावं तसा आवाज झाला.

"तेहतीस, पस्तीस, सदतीस इंच," ती म्हणाली. "सदतीस घेतलात तर चाक पूर्ण वळवताना आतल्या पत्र्याला घासेल. थोडा कापावा लागेल."

"काप."

"आणि रिम? हे वीस इंची बघा. आरशासारखे. तोंड बघून दाढी करा."

"सतरा दे. साधे, लोखंडी. रिम लहान तेवढी रबराची भिंत जास्त. हवा सोडली की टायर दगडाला मिठी मारतो."

"त्याला चकचकीत काही देऊ नकोस, डार्ला," बेगोन्या खुर्चीतून म्हणाली. "लग्नातसुद्धा बुटांना पॉलिश नव्हतं."

"तुझ्या बापाच्या बुटांना होतं ना. पुष्कळ झालं दोघांना मिळून."

डार्ला खो खो हसली. बेगोन्याही हसली, आणि खुर्चीच्या हाताला रेटा देत उठली. सावकाश गाडीपाशी आली. तिने दारावरून हात फिरवला. दाराची मूठ आता तिच्या खांद्याच्या वर होती. मग तिची बोटं खाली उतरली, दाराखालच्या पट्टीवर, जिथे बोल्टांची दोन रिकामी भोकं होती. एका भोकाच्या कडेवरून तिने करंगळी फिरवली.

"खरंच, इथली पायरी कुठे गेली?" डार्लाने विचारलं.

"काढली मी," फर्मीन म्हणाला. "खाली लोंबते, दगडाला अडकते. गॅरेजात ठेवलीय, भिंतीला टेकवून."

"रंगाचे डबे ठेवलेत तिच्यावर," बेगोन्या म्हणाली.

"मग बेगोन्या चढतात कशा?"

"बेगोन्या!" फर्मीनने गुडघ्यावर थाप मारली. ही गोष्ट सांगायची वेळ आली की त्याच्या पाठीचा बाक निघून जायचा. "तिच्या आईची खाणावळ होती गावात. डोंगरावरच्या मेंढक्यांना शिधा पोचवायचा ट्रक मी चालवायचो. पहाटे मी खाणावळीवरून जायचो, आणि ही पावांची टोपली कमरेला लावून फाटकात उभी. मी ब्रेकवर पाय ठेवला की ओरडायची, थांबू नकोस, चालव तू, मी चढते! आणि चढायची! चालत्या ट्रकवर, टोपलीसकट. एक पाव कधी पडला नाही. आणि तू विचारतेस चढते कशी."

डार्लाने बेगोन्याकडे पाहिलं. बेगोन्या आपल्या बुटांकडे बघत होती, हसू तसंच ठेवून. ही गोष्ट हॉलमधल्या प्रत्येक टेबलाला पाठ होती.

"त्या ट्रकचा स्टार्टर बिघडलेला होता," ती म्हणाली. "थांबला की परत सुरू व्हायचा नाही. म्हणून."

"असेल. पण उडी तर मारायचीस?"

"मारायचे."

ती परत खुर्चीकडे गेली. बसताना तिने आधी खुर्चीचा हात धरला, मग उजवा पाय सरळ पुढे ठेवला, आणि मग बाकीचं अंग हळूच खाली सोडलं. फर्मीन सदतीसच्या ठोकळ्यांत बोटं घालून खोली बघत होता.

डार्लाने ते पाहिलं. मोठा टायर तिने मध्ये जमिनीवर आडवा टाकला आणि त्याच्या काठावर बूट टेकवला.

"फर्मीन, एक सांगा. ही गाडी न्यायची कुठे? बाजारातून अंडी आणायला सदतीस लागत नाहीत. ठिकाण कळल्याशिवाय मी टायर चढवत नाही. माझे वडीलही चढवत नसत."

"रानात."

"रान केवढं आहे."

फर्मीन उठला. टोपी काढली, तिच्या आत पाहिलं, परत घातली. पूल आला नव्हता, डांबर संपलं नव्हतं, आणि बेगोन्या शेजारीही नव्हती, समोर होती.

"ओढ्यापलीकडे," तो डार्लाला म्हणाला, पण आवाज तिच्यासाठी नव्हता. "ॲस्पेनच्या राईत. हिला घेऊन. जूनमध्ये खिंडीतलं बर्फ गेलं की. ते झाड पडायच्या आत."

बेगोन्याच्या हातातली पर्सची कळ इतका वेळ टकटक उघडमीट होत होती. ती थांबली.

बाहेर रस्त्यावरून गवताच्या गठ्ठ्यांचा एक ट्रक गेला आणि दुकानाची काच थरथरली. डार्लाने पेन्सिल कानामागे ठेवली.

"मग सदतीसच?" तिने विचारलं.

फर्मीनने सवयीने बेगोन्याकडे पाहिलं. मोठी बोली लावण्याआधी बघायचा, तसंच. दोघांच्या मध्ये तो आडवा टायर, गोल टेबलासारखा.

बेगोन्याने त्याच्या नजरेला नजर दिली आणि दोन्ही डोळे मिटले.

त्याला आधी वाटलं, भरून आलं असेल. मग वाटलं, दमली असेल, सकाळपासून उठलीय. पण गाल कोरडे होते, आणि डोळे मिटलेलेच होते. चोरून नव्हे, कुणीही पाहावं असे. त्याने तिच्या सरळ ठेवलेल्या पायाकडे पाहिलं. मग गाडीच्या दाराकडे, त्या दोन भोकांकडे. मग परत पायाकडे.

तो टायरला वळसा घालून तिच्यासमोर आला, आणि चाकापाशी बसला होता तसाच तिच्या गुडघ्यांपाशी उकिडवा बसला.

"काहीच नाही हातात?" त्याने हळू विचारलं.

तिने डोळे उघडले.

"पाय पोचत नाही रे माझा," ती म्हणाली. "वर उचलताच येत नाही. दारापर्यंत येते, मूठ धरते, आणि तू आतून बघत असतोस, आता ही उडी मारणार म्हणून." तिने त्याच्या टोपीवरची धूळ बोटाने झटकली. "थांबत जा आता, फर्मीन. मला चढायला वेळ लागतो."