सरदार काही मरेना

सुईच्या थोरल्या मुलाचं लग्न झालं आणि घरात शिकलेली सून आली, त्या वर्षीची ही गोष्ट. सुई म्हणजे शिवणकारखान्यात शर्टांची काजं करणारी बाई. आईबापांनी नाव दुसरंच ठेवलं होतं, पण जीभ अशी की बोलली की टोचलंच. म्हणून सगळ्या तिला सुई म्हणत, आणि तीही ओ देत असे.

यंत्रं पलीकडच्या दालनात धडधडत. अलीकडच्या खोलीत हातकामाच्या बायका बसत. काजं, बटणं, तुरपाई. हात चालायचे, कान रिकामे. म्हणून तिथे फार पूर्वीपासून एक रीत होती. एकीनं पुस्तक वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि वाचणारीच्या वाट्याचे शर्ट सगळ्यांनी वाटून घ्यायचे. ही जागा मास्तरीणबाईंची. त्या कुठल्या शाळेत शिकवायला नव्हत्या. आवाज तेवढा मास्तरणीचा होता.

त्या वर्षी एका लोकप्रिय लेखकाची ऐतिहासिक कादंबरी गाजत होती. किल्ल्यातली राजकन्या आणि शत्रूच्या फौजेतला सरदार, यांचं प्रेम. बसथांब्यावर, दवाखान्याच्या बाकावर, जिकडे तिकडे तीच. मालकीणबाई म्हणाल्या, इतिहासात असलं काही घडलंच नाही. कटरमास्तर म्हणाले, "सरदार बावळट आहे. एवढ्या वेळात दोन किल्ले घेतले असते." हातकामाच्या खोलीत बटणवाली पहिल्या प्रकरणापासून रडत होती, आणि तुरपाईवाली लेखकावर चिडली होती. "अगं, चांदण्याचं वर्णन तरी किती! आमचा गठ्ठा संपला तरी ह्याचा चंद्र मावळत नाही."

मग हळूहळू पुस्तक सुधारलं. चंद्र आटोपता झाला. राजकन्या पुस्तकी बोलायची सोडून घरच्यासारखं बोलायला लागली. एकदा तर सरदाराला म्हणाली, "तलवार ठेवा बाजूला आणि आधी चार घास खा. मरायला काय, कधीही मरता येतं."

बायकांनी हातातली कामं टाकून टाळ्या पिटल्या. "आत्ता कुठे लेखकाचा हात बसला!" तुरपाईवाली म्हणाली.

सुईच्या मनात मात्र पाल चुकचुकली.

तिला थोडंफार वाचता येत होतं. पूर्वी मास्तरीणबाई ओळीखाली बोट सरकवत वाचत, अवघड शब्दाला ठेचकाळत. आता बोट एका जागी आणि जीभ तेल घातल्यासारखी. सरदाराचा पांढरा घोडा मध्येच काळा झाला होता. पानं उलटायची ती मनाला येईल तेव्हा.

संध्याकाळी भाजी निवडताना तिनं सुनेला विचारलं, "ती कादंबरी वाचलीस का गं तू?"

"केव्हाच! रडून रडून डोळे सुजले हो आई. शेवटी सरदार मरतो. किल्ल्याच्या दारातच."

"कधी मरतो म्हणालीस?"

"वेढा पडतो ना, त्यातच. त्या लेखकाला समोर उभा करून जाब विचारावा असं वाटतं."

सुई निवडलेली भाजी तशीच हातात धरून बसली. कारखान्यातला वेढा केव्हाच उठला होता. सरदार त्यानंतर तापानं आजारी पडून बराही झाला होता.

म्हणजे पाणी इथे मुरत होतं तर! पुस्तक लांबलं की बाईंचा आराम लांबतो. आम्ही हिची तुरपाई ओढायची, आणि ही थापा मारत बसणार. आणि दुसरंही एक होतं. सून घरात बसून कोमेजत होती. मुकादमबाई एकदा बोलून गेल्या होत्या, जागा झाली तर वाचायला तिला घेऊ. चोरी उघडी पडली की जागा झालीच. सुईनं बटणवालीला आणि तुरपाईवालीला आधीच कुजबुजून ठेवलं, "उद्या गंमत बघा."

सुनेकडे माहेरचं एक जाडजूड पुस्तक होतं, कोंबडीपालनाचं. सुईनं त्याला कादंबरीसारखंच खाकी वेष्टण घातलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मास्तरीणबाई भिंतीला हात लावत लावत नळाकडे गेल्या, तेवढ्यात पुस्तक बदललं.

सुट्टी संपली. मास्तरीणबाई बसल्या, पुस्तक उघडलं, घसा साफ केला.

"तर सरदार रानातून निघाला. उन्हानं घोडा फेसाळला होता..."

सुईच्या अंगातून आनंद विजेसारखा सळसळत गेला. सापडली! ती ताडकन उठली. "थांबा!"

सगळ्यांचे हात थांबले. सुई बाईंच्या मागे जाऊन उभी राहिली. उघड्या पानावर लालभडक तुऱ्याची, पानभर मोठी कोंबडी होती. मास्तरीणबाईंचा अंगठा नेमका तिच्या डोळ्यावर टेकला होता. बाई मान वर करून, सुई जिथे नव्हती तिकडे बघत, म्हणाल्या, "काय झालं गं?"

थापा मारणारा माणूस पान बघून दचकला असता. ही दचकली नाही. हिला कोंबडीच दिसत नव्हती. मग भिंतीला लावलेला हात सुईला आठवला. पाण्याचा पेला चाचपत उचलायच्या, तेही आठवलं. जी वाचू शकत नाही ती सुईत दोरा तरी कशी ओवणार? ह्या जागेवरून उठली की बाई थेट कारखान्याबाहेर.

"बोल की!" बटणवाली म्हणाली. "पुस्तकात दुसरंच काही आहे ना?"

सुईच्या जिभेवर सुनेची जागा होती. दारात मुकादमबाईही येऊन उभ्या होत्या. एक शब्द पुरला असता.

"काही नाही गं," सुई म्हणाली. "मी बघितलं. अक्षर न् अक्षर तेच आहे. म्हटलं, सरदार केव्हाचा उन्हात आहे, त्याला पाणी तरी पाजा."

मास्तरीणबाईंनी पानावरचा अंगठा उचलला. मग पान उलटून म्हणाल्या, "राजकन्येनं तांब्या पुढे केला. म्हणाली, आधी घोड्याला."

सुटल्यावर सुईनं खरी कादंबरी गुपचूप जागेवर ठेवली, आणि जिन्यात मास्तरीणबाईंचा हात धरला. त्यांनी धरू दिला.

"पुस्तक बदललंस ना? हातात घेताच कळलं. वास वेगळा आला."

"मग वाचलंत कशाला? डोकं दुखतंय म्हणून सांगायचं."

"सुनेला इथे वाचायला लावायचंय म्हणून सगळीकडे सांगत होतीस तू. संशय काय तुलाच येतो? म्हटलं, बघू तरी, सुई कुठवर टोचते."

"आणि टोचली असती तर?"

"तर घरी बसले असते. सरदार मेला असता."

घरी सुनेनं विचारलं, "काय झालं आई? झाली का जागा?"

"नाही झाली," सुई म्हणाली, आणि चुलीकडे वळली.

थंडी पडायच्या सुमारास मास्तरीणबाईंनी अंथरूण धरलं. मुकादमबाईंनी आपण होऊन सुनेला बोलावणं धाडलं. सून नवी साडी नेसून आली, खऱ्या कादंबरीत पुढलं पान शोधू लागली, पण तिला ते सापडेना. शेवटी तिनं सरळ वेढ्याचं प्रकरण काढलं. चांदणं आलं. सरदार किल्ल्याच्या दारात पडला.

"हे कुठलं?" तुरपाईवाली कडाडली. "वेढा तर केव्हाच उठला! ही घरी रचून आणते."

"छापलंय हो, बघा की!" सून रडकुंडीला आली.

"आम्हाला वाचता येत असतं तर तुला बोलावलं असतं का? सुई, तू सांग. तू डोळ्यांनी बघितलं होतंस."

सून सासूकडे बघत होती. सुईनं हातातलं काज पुरं केलं, दोरा दातांनी तोडला.

"मास्तरीणबाईंनी वाचलं, तेच पुस्तकात आहे," ती म्हणाली.

सून दुसऱ्या दिवशी कामावर आली नाही, आणि सासूशी बरेच दिवस बोललीही नाही. त्या खोलीत सरदार मेला, असं कुणीच मानलं नाही.

मास्तरीणबाई त्याच थंडीत, सुईच्या मुलाच्या लग्नाला वर्ष पुरं व्हायच्या आत, दवाखान्यात वारल्या.