वॉचमन काका म्हणायचं

माझे केस काळे आहेत. म्हणजे दर तिसऱ्या रविवारी मी ते काळे करतो. सदुसष्टाव्या वर्षी माणसाने केस रंगवावेत की नाही, यावर मला कुणी अक्कल शिकवू नये. आमचा करार तीन-तीन महिन्यांचा असतो, आणि पांढऱ्या डोक्याला पुढचे तीन महिने सहसा मिळत नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ या केसांत आहे. केसांत म्हणजे माझ्यात.

आमच्या सोसायटीत आठ इमारती आहेत आणि गाड्या बाहेर पडायला एकच गेट. सकाळी सात ते नऊ गेटच्या दोन बाजूंना आम्ही दोघं वॉचमन उभे. टोपी, पांढरे हातमोजे, आणि प्रत्येक गाडीला कमरेत वाकून, "नमस्कार! सुखरूप जाऊन या!" शेजारच्या सोसायटीत असं करतात म्हणे, म्हणून आमच्या कमिटीनेही ठराव केला. आमच्या कोरियातल्या देगू शहराची थंडी कानाचे लचके तोडते, पण ठरावात कानांचा उल्लेख नाही. आत बसलेला माणूस मोबाईल बघत असतो. फार चांगला असला तर बोट उचलतो. मी जन्मभर कापडगिरणीत यंत्रं चालवली, यंत्रंसुद्धा सुरू करताना जरा हुंकार द्यायची.

गेल्या वसंतात शिनदादा आले. आल्या आल्या पहिला प्रश्न विचारला, जन्मसाल कोणतं? वर्षभराने मोठे निघाले. झालं, ते दादा आणि मी नुसता बांग. मी त्यांना तुम्ही म्हणणार, ते मला तू म्हणणार. हे एकदा ठरलं की माणूस सुटतो. नाहीतर 'जेवलास का' विचारू की 'जेवलात का', इथेच घास अडकतो. तीस वर्षं सिटी बस चालवलेला माणूस, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, बोलणं कमी. कचरा वेगळा करताना दुधाचा प्रत्येक खोका धुऊन ठेवणार. मी म्हणायचो, "दादा, तो खोका काय तुम्हाला सून म्हणून आणायचाय?" ते नुसते हसायचे.

एक गोष्ट मात्र माझ्या डोळ्यांत खुपायची. आम्ही इथे माणसं नावांनी ओळखत नाही, घरांच्या नंबरांनी ओळखतो. पंधराशे दोनची एक राखाडी गाडी होती. चालवणारा चाळिशीतला, बँकेतला. गेटपाशी आला की मान मुद्दाम पलीकडे वळवायचा. मोबाईल बघणारे परवडले, हा तर ठरवून तोंड फिरवायचा. आणि नेमका त्याच गाडीला दादा सगळ्यांत खाली वाकायचे. टोपी पडेल की काय इतके.

एकदा मी चिडून म्हणालो, "दादा, एवढं वाकायला तो काय तुमचा बाप लागतो?"

"गाडी छान आहे रे," ते म्हणाले.

आता पोरांचं. आठ चाळीसला बालवाडीची पिवळी बस गेटवर येते. शाळेत शिकवतात तसं दोन्ही हात बेंबीवर ठेवून पोरं आम्हाला वाकून नमस्कार करायची. "नमस्कार, आजोबा!" आमच्याकडे पोरं म्हाताऱ्या दिसणाऱ्या कुणालाही आजोबाच म्हणतात, त्यात वावगं काही नाही. पण मला झोंबायचं. मी काय यांच्या बापाचा बाप? एवढा रंग लावून ऐकायचं काय, तर आजोबा! आणि उद्या कमिटीतल्या कुणाच्या कानावर रोज हा शब्द पडला, तर त्यांना माझं वय आठवायला कितीसा वेळ?

म्हणून मी खिशात दुधाच्या गोळ्या ठेवायला लागलो. जो 'वॉचमन काका' म्हणेल त्याला एक गोळी. पोरं ती पोरंच. आठ दिवसांत सगळं गाव काका म्हणायला लागलं.

अडली ती एकच. पंधराशे दोनची हा-रिन, पाच वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. मला "काका" म्हणून गोळी घ्यायची आणि लगेच वळून दादांना "नमस्कार, आजोबा!" माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला वाटलं, पोरगी माझी थट्टा करतेय. मग मी इरेला पेटलो.

"हे बघ, आमच्या दोघांचे कपडे सारखे आहेत की नाही? मग दोघंही काका. यांनाही काका म्हटलंस तर दोन गोळ्या!"

तिने दादांकडे पाहिलं. तिची आई शेजारीच उभी होती. ही बाई कमिटीवर. वर्षभरात माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, त्या दिवशी चक्क हसली. "बरोबर आहे यांचं. हा-रिन, वॉचमन काका म्हणायचं. दोघांनाही."

पोरगी हळूच म्हणाली, "नमस्कार, वॉचमन काका." मी दोन गोळ्या दिल्या आणि पाठ थोपटली.

दुसऱ्या आठवड्यात लिफ्टमध्ये नोटीस लागली. 'मुलांनी सुरक्षा कर्मचाऱ्यांना काका म्हणून नम्रपणे नमस्कार करावा.' वॉचमनच्या बाजूने लागलेली माझ्या पाहण्यातली ती पहिलीच नोटीस! मी तिचा फोटो काढून बायकोला पाठवला, दादांनाही दाखवला. दादा म्हणाले, "छान आहे." त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. पोट ठीक नाही म्हणाले.

चांद्र नववर्षाचा सण आला. आदल्या दुपारी सोसायटी रिकामी होत होती. नाशपातीची खोकी आणि तेलाच्या बाटल्यांचे संच गाड्यांत भरून लोक आपापल्या गावी निघालेले. आम्ही केबिनमध्ये हीटरपाशी कागदी पेल्यांतून कॉफी पीत होतो. सणादिवशी माझी पाळी होती, दादांना सुट्टी. दादा अचानक म्हणाले, "बांग, नातीला आशीर्वाद काय द्यावा रे? खूप शीक म्हटलं तर जुनाट वाटेल, नाही?"

"तुम्हाला नात आहे? वा! इतके दिवस लपवून ठेवलीत? कुठे असते?"

"पंधराशे दोन."

मी आधी हसलो. वाटलं, या माणसालाही शेवटी थट्टा जमायला लागली. मग त्यांचा चेहरा पाहिला.

त्यांनी सगळं सांगितलं, तेही हीटरकडे बघत. बायको गेल्यावर मुलाच्या घरी जाणं वर्षातून दोन सणांपुरतं उरलं. म्हणून कंपनीला सांगून त्यांनी स्वतःच इथली बदली मागून घेतली. मुलगा चिडला. बाबा, लोक काय म्हणतील? बापाला गेटवर उभं केलंय म्हणतील. ही तर कमिटीवर आहे. मग तोडगा निघाला. खाली ओळख दाखवायची नाही, कुणीच नाही. वर जायचं ते सणाच्या सकाळी, पितरांच्या पूजेला आणि पोरीचा नमस्कार घ्यायला.

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"अरे, पोरं सगळ्या म्हाताऱ्यांना आजोबाच म्हणतात ना! ती चारचौघांत म्हणाली तरी कुणाला काय कळणार होतं? हे मी डोकं लावून ठरवलं होतं. रोज आठ चाळीसला एक आजोबा. बास होतं मला."

माझ्या हातातली कॉफी गार झाली. खिशातल्या गोळ्या मला मांडीला टोचायला लागल्या.

"दादा, मला सांगायचं तरी. एक शब्द. मी जीभ कापून ठेवली असती."

"तू खूश होतास. नोटिशीचा फोटो काढलास." त्यांनी रिकामा पेला खाली ठेवला. "तुझी काय चूक? आणि उद्या म्हणेलच की. सणाला, घरात, गुडघे टेकून वाकताना थोडंच कुणी काका म्हणतं?"

मी म्हणालो, "छे! कसं म्हणेल?" आणि लाज वाटून उगाचच बाहेर जाऊन झाडलेलं अंगण परत झाडलं.

सणाच्या सकाळी गेटवर चिटपाखरू नव्हतं. साडेआठला दादा आले. काळा सूट, मुलाच्या लग्नात शिवलेला, खांद्यात आता सैल. बूट चकचकीत. आतल्या खिशातलं पांढरं पाकीट त्यांनी मला दाखवलं, नातीला द्यायला बँकेतून आणलेल्या कोऱ्या नोटा. नऊला वर जायचं होतं. "लवकर जाणं बरं दिसत नाही," म्हणून ते माझ्याजवळ उभे राहिले. मी म्हणालो, "दादा, आज तुम्ही नवरदेव दिसताय." ते लाजले. देवाशपथ, लाजले.

नऊला दहा मिनिटं असताना पंधराशे दोनच्या इमारतीचं दार उघडलं आणि मुलगा बाहेर आला. मागे सून, मागे गुलाबी जाकिटातली हा-रिन, आणि दोन मोठ्या चाकाच्या बॅगा. दादांना पाहून मुलगा जागीच थबकला.

"बाबा... तुम्ही मेसेज नाही बघितलात? रात्री टाकला होता."

दादा खिसे चाचपायला लागले. चष्म्याशिवाय त्यांना मेसेज वाचताच येत नाहीत, हे मलाही माहीत होतं.

"जेजू बेटाची तिकिटं अचानक मिळाली. हिचे आईबाबा विमानतळावर वाट बघतायत. पूजा आम्ही... पुढच्या वेळी नीट करू."

"बरं, बरं," दादा म्हणाले. "मग निघा. सणाला रस्त्यात गर्दी असते."

मुलाचं तोंड उतरलं होतं. मला त्याच्या एक कानाखाली द्यावीशी वाटत होती, पण खरं सांगतो, राक्षस नव्हता तो. त्याने इकडेतिकडे पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं, आणि मी काही माणसांत मोजला जात नाही. मग म्हणाला, "नमस्कार तरी करून घेऊ. हा-रिन, चल, आजोबांना नवीन वर्षाचा नमस्कार कर."

दादांनी गळ्यातला मफलर काढून फरशीवर पसरला. तिचे गुडघे गारठू नयेत म्हणून. पाकीट हातात घेतलं आणि ताठ उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते, आशीर्वाद घोकत असावेत.

पोरगी बापाकडे बघून गोंधळली. तिने दादांकडे पाहिलं, गेटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे. आई बॅगेचं हँडल वरखाली करत होती. पोरीच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. शाळेत उत्तर येतं तेव्हा पडतो तसा. मफलरच्या अलीकडेच पाय जुळवून, दोन्ही हात बेंबीवर ठेवून ती खाली वाकली. अगदी नीट, शिकवलं तसं.

"नमस्कार, वॉचमन काका!"

"अगं, नाही... आज..." मुलगा बोलायला गेला.

पण ती थांबलीच नाही. तुरुतुरु पळत माझ्याकडे आली आणि तळहात पुढे केला. "बरोबर म्हटलं ना? यांनाही काका म्हटलं की दोन!"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं. मी दादांकडे पाहिलं. पाकीट त्यांच्या हातातच होतं.

"दे रे तिला," दादा म्हणाले. "बरोबर म्हणाली ती."

मी दोन गोळ्या दिल्या. एक माझ्या हातून खाली पडली, ती तिने उचलून फुंकर मारून तोंडात टाकली. सून म्हणाली, "चला, उशीर होतोय." मुलगा बापाकडे बघून काहीतरी पुटपुटला, मला ऐकू आलं नाही. बॅगा गाडीत गेल्या, दारं लागली.

राखाडी गाडी गेटपाशी आली. मी ठरवलं होतं, वाकायचं नाही, करार गेला चुलीत! आणि बघतो तर दादा पलीकडच्या बाजूला, आपल्या रोजच्या जागेवर जाऊन उभे. सुटात, हातमोज्यांशिवाय. रोजच्याइतकेच खाली वाकले.

"नमस्कार! सुखरूप जाऊन या!"

ते वाकलेले असताना मी कसा ताठ राहणार? वर्षाने का होईना, मोठे आहेत ते. मीही वाकलो. वर पाहिलं तेव्हा गाडी सिग्नलपर्यंत गेली होती.

मी म्हणालो, "दादा, आत चला. बायकोने सणाचं सूप दिलंय, गरम करतो." त्यांनी मफलर उचलला, झटकला आणि घडी घातली. म्हणाले, "नको रे, सूट चुरगळेल." आणि बसस्टॉपकडे निघून गेले. पाकिटाचं काय केलं, ते मी आजवर विचारलं नाही.

मार्चच्या करारावर आम्ही दोघांनीही सह्या केल्या. परवाच्या रविवारी मी केस रंगवले. सगळ्या पोरांना एकेक करून सांगून पाहिलं, "परत आजोबा म्हणा रे, दोन गोळ्या देतो." ती हसतात. नोटीस अजून लिफ्टमध्ये आहे, आणि त्यांना वाचता यायला लागलंय.

आठ चाळीसला पिवळी बस येते. हा-रिन हात बेंबीवर ठेवून आधी मला वाकते, मग दादांना. दोघांनाही सारखंच. दादा तिला म्हणतात, "सुखरूप जाऊन या." गोळी ती आता मागत नाही. गोळीशिवायच म्हणते.