डावीकडे चार, उजवीकडे तीन

जयसिंगनानांनी लेकीच्या हातात जो कागद ठेवला त्यावर तीनच ओळी होत्या. उतरताना पुढचा उजेड अरुंद पडतो. कडा दिसत नाहीत. जास्त प्रखर दिवे निवडणे. खाली तारीख आणि सही.

सोनलला यात नवल वाटलं नाही. नाना एका गिअरबॉक्स कारखान्यात चौतीस वर्षं तपासणी खात्यात होते. घरच्या मिक्सरचं भांडं गळायला लागलं तरी ते आधी कागद लिहीत आणि मग पाना शोधत. निवृत्तीनंतर चिखलीच्या उरलेल्या गुंठ्यांवर पत्र्याची शेड बांधून त्यांनी विमान करायला घेतलं, त्याला यंदा नऊ वर्षं झाली होती. दोन माणसांचं, ॲल्युमिनियमचं. पत्रे जोडणारा एकेक रिव्हेट त्यांनी तपासून पास केलेला. जे पास झालं नाही त्याला लाल टॅग लावून ते कोपऱ्यातल्या पेटीत टाकत, म्हणजे चुकूनसुद्धा कुणी ते परत वापरू नये. त्या पेटीत दोन आख्खे पंखही मावले असते, असं वायरिंगवाला मन्सूर म्हणायचा.

विमान तयार होतं. नाना तयार नव्हते. दोन तासांवरच्या एका धावपट्टीवर ते दर आठवड्याला शिकायला जात. उडणं त्यांना जमलं, वळणं जमलं. उतरणं मात्र सुरुवातीला चांगलं होतं ते गेल्या चार महिन्यांत बिघडलं. एकतर माणूसभर उंचीवरून विमान आदळायचं, नाहीतर नाक उचलायच्या आधीच चाकं टेकायची. शिकवणारे कॅप्टन सांगत, "नजर पट्टीच्या पार टोकाला ठेवा. जमीन बघू नका. दोन्ही कडांनी ती आपोआप वर येताना जाणवते, तेव्हा नाक उचला." नाना म्हणत, कडा दिसत नाहीत. शेवटी कॅप्टननी सांगून टाकलं की उतरणं सुधारल्याशिवाय एकट्यानं उडायला मिळणार नाही. एकट्यानं उडल्याशिवाय परवाना नाही, आणि परवान्याशिवाय शेडमधलं विमान शेडमध्येच.

"सकाळी धुरकं असतंय," नाना सोनलला म्हणाले. "त्या शिकायच्या विमानाचा दिवा म्हंजी काडी पेटवल्यागत. आपल्या विमानाला बी तसलाच बसवलाय मी. शेडचं शटर लावून बघितला. मधी झळाळी, कडंला अंधार. तुमच्या कंपनीत मोजून दे मला."

सोनल चाकणला गाड्यांचे हेडलॅम्प बनवणाऱ्या कंपनीत होती. दिव्यांचा उजेड मोजायच्या प्रयोगशाळेची जबाबदारी तिच्याकडे होती. तिनं साहेबांची रीतसर परवानगी काढली. गुरुवारी सुट्टी असते, तेव्हा मशीन रिकामी होती.

दिवे आणले मन्सूरनं. चिखलीत त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं, आणि विमानाची सगळी वायरिंग त्यानंच ओढली होती. त्याच्या व्हॅनमध्ये तीन खोकी होती. पहिल्यात विमानाला आत्ता लावलेला दिवा, दुसऱ्यात एक रुंद एलईडी पट्टी, तिसऱ्यात पोकलेनच्या हातावर लावतात तो झोतदिवा.

"हा तिसरा लावला ना नाना," मन्सूर म्हणाला, "तर देहूरोडची मिलिटरी चौकशीला येईल. म्हणतील, सूर्य कुठून आणला?"

"येऊ दे. त्यांना बी मोजून दावू."

कंपनीच्या फाटकातून आत जाताना नानांचा डावा खांदा लोखंडी खांबावर चांगलाच आपटला. त्यांनी खांबाकडे रागानं बघितलं.

"खांबाला हॉर्न नसतो नाना," मन्सूर म्हणाला.

"मधीच लावलाय त्यो."

खांब मध्ये नव्हता. सोनलनं तेव्हा त्याचा काही विचार केला नाही, आणि हे तिला नंतर बरेच दिवस आठवत राहिलं.

काळ्या रंगाच्या त्या दालनाच्या टोकाला आठ मीटर रुंद पांढरी भिंत होती. मधोमध तिनं काळा ठिपका चिकटवला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या अर्ध्या मीटरवर सात-सात करड्या पट्ट्या लावल्या. पाच मीटर अलीकडे खुर्ची, खुर्चीसमोर हनुवटी टेकवायला कॅमेऱ्याचा स्टँड. दिवा खुर्चीच्या वर बांधलेला. प्रत्येक पट्टीजवळचा उजेड ती मीटरनं मोजणार, आणि शेवटची दिसणारी पट्टी कोणती ते नाना सांगणार.

"डोळे ठिपक्यावरून हलवायचे नाहीत," ती म्हणाली.

"मला सांगतीस? उतरताना हलवत न्हाई, मग हितं कशाला हलवीन?"

दिव्याखाली बसून हनुवटी टेकवताना ते एकदम कामावर आल्यासारखे दिसले. पाठ ताठ, हात मांडीवर. पहिला दिवा लागला.

"डावीकडं चार," नाना म्हणाले. "उजवीकडं तीन. बघ, मी म्हणलं न्हवतं? अरुंद हाय."

मीटरवरही तो अरुंदच होता. पाचव्या पट्टीपाशी उजेड विझत आल्यासारखा, सातव्या पट्टीपाशी जवळजवळ नाही. सोनलनं आकडे लिहिले. तिला बरं वाटलं. तक्रार खरी होती.

मन्सूरनं दुसरा दिवा चढवला. या वेळी भिंत कडेपर्यंत उजळली. सातव्या पट्टीवर मीटरनं अडतीस लक्स दाखवले. घरातल्या जिन्यात याहून कमी उजेड असतो.

"डावीकडं चार," नाना म्हणाले. "उजवीकडं तीन. ह्यो बी तसलाच की."

सोनलनं मीटर झाकून शून्य तपासलं. पुन्हा मोजलं. अडतीस. तिनं दिव्याचा कोन तपासला, व्होल्टेज तपासलं. मग स्वतः नानांच्या मागे उभं राहून, वाकून, ठिपक्याकडे बघितलं. सातही पट्ट्या दोन्ही बाजूंना दिसत होत्या.

"तिसरा लावा मन्सूरभाऊ," ती म्हणाली.

पोकलेनचा दिवा लागल्यावर मन्सूरनं डोळ्यांवर हात घेतला. "या अल्ला. भिंत भाजली."

सातव्या पट्टीवर एकशे बारा.

नानांनी हनुवटी स्टँडवर पुन्हा नीट टेकवली. "मधी लई झळाळी हाय," मग म्हणाले. "कडंला... चार. आणि उजवीकडं तीन."

मन्सूर हसत म्हणाला, "नाना, सातवी पट्टी तर इथून मलासुद्धा—" आणि सोनलकडे बघून थांबला.

तिनं वहीत तिसरी ओळ लिहिली. वर-खाली तीन वेळा चार, तीन वेळा तीन. उजेड शून्याजवळून एकशे बारापर्यंत गेला आणि हे दोन आकडे जागचे हलले नव्हते. तिला वाटलं, वही मिटावी आणि म्हणावं की दुसरा दिवा ठीक आहे, चला, जेवायला जाऊ. पण नाना उठून तिच्याजवळ आले होते. त्यांनी वही घेतली. समोरचं त्यांना चांगलं दिसत होतं, बारीक अक्षरसुद्धा चष्म्याशिवाय. त्यांनी तीन ओळींवरून अंगठा खाली नेला, मग परत वर.

"आता समदं बंद कर," ते म्हणाले. "वरच्या नळ्या लाव. साध्या."

"नाना, कशाला?"

"लाव म्हणतो ना."

तिनं ट्यूबलाइट लावल्या. दालन एखाद्या वर्गासारखं सरसकट उजळलं. नाना पुन्हा खुर्चीत बसले, हनुवटी टेकवली आणि ठिपक्याकडे बघत राहिले.

"डावीकडं चार," ते म्हणाले. "उजवीकडं तीन. लिही."

तिनं लिहिलं.

"तू शाळंत असताना मी काय सांगितलं हुतं? जॉब तीन, तिन्ही निराळं, आन् रीडिंग एकच येतंय. तवा काय करायचं?"

सोनलनं पेन वहीत ठेवलं.

"जॉब बाजूला ठेवायचा," नाना म्हणाले, "आन् ज्यानं मोजतो ते गेज बघायचं."

परतीच्या वाटेवर तळवडे मागे पडलं. मग मन्सूर म्हणाला, "ऑपरेशन असेल नाना. आजकाल मोतीबिंदू म्हणजे सकाळी जा, दुपारी घरी." नाना म्हणाले, "व्हय," आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात त्यांना पुन्हा एका यंत्रासमोर हनुवटी टेकवायला लावली, मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं आणि बाजूला उजेडाचा कण दिसला की बटण दाबायला सांगितलं. कागद बाहेर आला. मध्ये पांढरं, भोवती काळपट कडं, उजवीकडे जास्त रुंद. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. डोळ्यांतला दाब वाढून मागची नस हळूहळू वाळते, त्या म्हणाल्या, आणि मधली नजर शाबूत असते म्हणून भल्याभल्यांना पत्ता लागत नाही. गेलेलं परत येत नाही. थेंब घातले तर उरलेलं टिकवायचा प्रयत्न करता येतो.

"दोन वरसांमागं डोळ्यांच्या तपासणीत पास हुतो मी," नाना म्हणाले.

"तेव्हा असालही," बाई म्हणाल्या.

नानांनी आणखी एकच प्रश्न विचारला. उरलंय तेवढ्यावर विमान उतरवता येईल का? बाईंना आधी वाटलं, ते विमानानं प्रवासाला जायचं विचारताहेत. सोनलनं समजावून सांगितलं. मग बाई हातातल्या कागदाकडे बघत राहिल्या आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली.

पुढच्या गुरुवारी सोनल शेडवर गेली तेव्हा शटर उघडं होतं आणि मन्सूर पंखाखाली आडवा पडून वायरी जोडत होता. पंखाच्या पुढच्या कडेत दोन्ही बाजूंना दुसरे दिवे, रुंद पट्टीचे, बसवलेले होते. नाना स्क्रू आवळत होते.

"दिवं बदललं," ते म्हणाले. "मोजून निवडल्यात. अपुरं काम ठेवायचं न्हाई."

"मीच म्हटलं बसवू," मन्सूर खालून म्हणाला. "ताई, तौफिक आहे ना, माझा भाचा, तो पुण्यात विमान चालवायला शिकतोय, तो—"

"भाच्याचं राहू दे," नाना म्हणाले. "जोड घट्ट कर."

दिवे लावून बघितले. भर सकाळीसुद्धा शेडची समोरची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत उजळली. रंगाचे डबे, कॅलेंडर, कोपऱ्यातली लाल टॅगांची पेटी, सगळं. मन्सूर फडक्याला हात पुसत राहिला.

नानांनी खिशातून एक लाल टॅग काढला. त्यावर आधीच लिहिलेलं होतं. भाग: वैमानिक. दोष: कडेची नजर, डावीकडे चार, उजवीकडे तीन. निर्णय: नापास. खाली त्यांची सही होती आणि शेजारची जागा मोकळी होती.

"मोजणाऱ्याची सही लागती," ते म्हणाले. "मोजलं तू."

"नाना, मी नाही करणार ही." तिनं हात मागे घेतला. "पिवळा टॅग लावा. थांबवून ठेवलंय, एवढंच. थेंब चालू आहेत. सहा महिन्यांनी परत तपासणी आहे."

"पिवळा कवा लावत्यात?"

तिला माहीत होतं.

"परत मोजून बरं निघायची आशा असंल तवा," नानांनीच सांगितलं. "त्या बाईनं काय सांगितलं, तू ऐकलंस. चौतीस वरसं मी कुनाच्या बापाला चालतंय म्हणून पास केलं न्हाई. आता सोताला करू? आन् उद्या मीच इसरलो तर? एखाद्या सकाळी वाटलं, हवा चांगली हाय, नेऊन बघावं?"

त्यांनी ते साधेपणानंच विचारलं होतं. तिच्या लक्षात आलं की त्यांनी त्या सकाळचा विचार करून ठेवला आहे, कदाचित रोजच करतात.

तिनं पेन घेतलं. पंखावर टॅग ठेवून सही केली, तारीख घातली. तारीख टाकताना वर्ष चुकलं, ते खोडून तिनं नीट लिहिलं आणि खोडल्या जागी छोटी सही केली. नानांनीच शिकवलं होतं तसं.

नानांनी टॅग घेतला आणि वाकून तो वैमानिकाच्या डाव्या आसनाच्या पट्ट्याला बांधला. गाठ मारून झाल्यावर दोऱ्याची टोकं लांब राहिली. कात्री त्यांच्या उजव्या हाताला, पंखावरच, हातभर अंतरावर पडली होती. त्यांनी समोर बघितलं, खाली बघितलं.

"कातर हितंच ठेवली हुती," ते म्हणाले.

मन्सूर पुढं झाला. सोनलनं त्याला हातानं थांबवलं. नाना मान हळूहळू उजवीकडे वळवत होते, पंखाच्या कडेकडेनं, प्रत्येक रिव्हेटवरून. दिवे अजून चालूच होते.